अक्कांच्या ओट्यावरची राखुंडी

समस्त पिंप्राळेकरांना कळवण्यास अत्यंत खेद होतो की, गावातलं एकमेव दंतविद्यापीठ गेल्या महिन्यात कायमचं बंद झालं. कुलगुरू होत्या आमच्या समोरच्या सखूअक्का. गल्लीतल्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांना त्यांनी दात घासायला शिकवलं. स्वतःच्या तोंडात मात्र औषधालाही दात नव्हता!

माझा या विद्यापीठात प्रवेश झाला तो माझ्या शकूमुळे. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्या मोरीवर रोज सकाळी जुलूमशाहीच चाले. शकू दोन वर्षांची. तिची आई हात धरी, मी हनुवटी दाबून राखुंडीचं बोट आत सारी, आणि पोरगी अशी किंचाळे की रस्त्यावरचे बैल थबकत. पुढे तिनं तोंडच मिटून घेतलं. घास दिसला तरी ओठ घट्ट, दूधसुद्धा जाईना. पोर वाळायला लागली, तशी माझी सगळी ऐट उतरली... एका सकाळी समोरच्या ओट्यावरून आवाज आला, “काय रे भाऊ, वासराले दवा पाजी राहिना का?”

मी शकूला उचलून तिकडे नेलं. अक्का पाटावर बसल्या होत्या, शेजारी पाण्याचा तांब्या आणि वाटीत गोवरीची चाळलेली राखुंडी. त्यांनी शकूकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच भलंमोठं ‘आऽऽ’ केलं आणि वाटी तिच्यापुढे सरकवली. बराच वेळ विचार करून शकूनं बोट बुडवलं आणि अक्कांच्या बोळक्या हिरड्या घासल्या. अक्का अशा खूश, जणू पेढाच खाल्ला! मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आते तू.”

“मी? इथं? भररस्त्यात?”

“तुन्हं तोंड बंद, मंग पोर का बरं उघडी?”

कापसाच्या जिनिंगमधला मी हेडक्लार्क, ओट्यावर तोंड वासून बसलो. पाण्याला निघालेल्या बाया हंडे टेकवून हसल्या. शकूनं माझ्या दातांबरोबर मिशाही घासल्या, नाकात राखुंडी गेली, मी शिंकलो... आणि ती हसली. हसताना तोंड उघडलं. अक्कांनी बोट अलगद एका दातावरून फिरवलं आणि लगेच काढून घेतलं. “आज एकच दात. बाकीना उद्या.”

तेव्हापासून रोज तीच वेळ, तोच पाट, आधी अक्का, मग मी, शेवटी शकू. ओठ मिटले की शाळा सुटली. हळूहळू सगळ्या दातांची पाळी आली, त्यांच्यामागून दूध आलं, भाकरी आली. शकू खऱ्या शाळेत जाऊ लागली तरी सकाळी अक्कांच्या हिरड्या घासूनच पाटी उचलायची.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, अक्कांची घटका भरत आली. त्यांचा मुलगा नाना पळीत गंगाजल घेऊन उशाशी बसलेला. आईच्या तोंडात शेवटचा घोट पडावा म्हणून त्याचा जीव तुटत होता, आणि ओठ काही सुटेनात. “माय, तोंड उघड वं...” म्हणत तो हनुवटी दाबायला लागला. पुढच्या क्षणाला खोलीतली झाडून सगळी मोठी माणसं डोळ्यांत पाणी आणि तोंडं वासून बसलेली, अक्कांचे ओठ किंचित विलगलेले, आणि पळीतलं पाणी आत गेलेलं. कारण माझी शकू दारातून ओरडली होती, “नाना, दाबू नका! आधी तुम्ही आ करा ना, मग अक्का करते!”