तीनशे शहाऐंशी तीळ

स्टुडिओत त्यांना सगळे टचिंगकाका म्हणत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते तिथं लागले, तेव्हा उतरत्या काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग झाकायचं काम होतं. पुढं कॉम्प्युटर आला, पेन्सिल गेली, काका राहिले. बासष्टाव्या वर्षीही सकाळी साडेनवाला येऊन आधी स्क्रीन पुसायचे, मग चष्मा, आणि मग कुणीतरी हाक मारेपर्यंत मान वर करायचे नाहीत.

त्यांचा एक नियम होता. डाग, मुरूम, ओरखडा काढायचा, पण तीळ काढायचा नाही. गिऱ्हाइकानं आग्रह धरला तर म्हणायचे, "मुरूम पाहुणा असतो, आठ दिवसांत जातो. तीळ घरचा माणूस आहे. त्याला कसा बाहेर काढू?" मालक कपाळाला हात लावायचे. पण गिऱ्हाईक हसायचं आणि बहुतेक वेळा तीळ वाचायचा.

त्या वर्षी शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो आले. तीनशे शहाऐंशी मुलं, एकच स्टूल, एकच दिवा, कॅमेरा एकाच जागी. सगळ्यांचे चेहरे पिवळट आले होते. काकांनी सगळे फोटो एकदम निवडले, एकावर केलेलं काम सगळ्यांवर व्हावं अशी सोय चालू केली आणि दोन मिनिटांत पिवळेपणा घालवला. सोय फार कामाची, यात वाद नाही. मग ते जेवायला गेले.

परत येऊन एकेक चेहरा मोठा करून बघू लागले. अगदी शेवटी चौथीतली एक मुलगी समोर आली आणि काका थबकले. हिच्या हनुवटीवर तीळ होता, त्यांना पक्कं आठवत होतं. गेल्या वर्षीचा फोटो काढून पाहिला. होता. यंदा दिव्याच्या झोतात पार पुसून गेला होता. दुसरा कुणी असता तर पुढं गेला असता. काकांनी बारीक ब्रश घेतला आणि दहा मिनिटं खपून तीळ परत बसवला, कडेला जरा फिकट, मध्ये गडद, अगदी होता तसा. स्क्रीनवर एकच चेहरा होता. मागं तीनशे पंच्याऐंशी अजून निवडलेलेच आहेत आणि ती सोय चालूच आहे, हे सांगणारं तिथं काही नव्हतं. म्हणजे होतं. खाली उजव्या कोपऱ्यात, करड्यावर करडं, तिळाएवढ्या अक्षरांत 'ऑटो' असं.

फोटो तसेच छपाईला गेले, कार्डं झाली, शाळेत वाटलीही गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. आवाज शांत होता.

"काका, आमच्या शाळेत कसली साथ आली आहे का?"

"का हो बाई?"

"सगळ्या मुलांना तीळ आलाय. बहुतेकांना हनुवटीवर. उंच मुलांना गळ्यावर. पहिलीतल्या एकाला नाकाच्या शेंड्यावर."

काका खुर्चीत मागं टेकले. मालक ओरडतील असं वाटलं होतं, पण मालक इतके हसले की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. काकांना मात्र हसू येईना. त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक चेहरा बिघडला नव्हता, आणि आता एका दुपारीत अख्खी शाळा.

कार्डं गोळा करायला ते स्वतः गेले. खोका काखोटीला मारून वर्गावर्गात फिरले, प्रत्येक वर्गात "चूक माझी आहे" असं म्हणाले. पोरं खूश होती. काहींना कार्ड द्यायचंच नव्हतं. चौथीच्या वर्गात ती मुलगी रांगेत शेवटी उभी होती. तिनं कार्ड पुढं केलं. काकांनी बघितलं आणि परत दिलं.

"माझं नको?" तिनं विचारलं.

"तुझं बरोबर आहे. अख्ख्या शाळेत तुझंच एक बरोबर आहे."

तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, गळ्यात घातलं आणि जागेवर जाऊन बसली. शेजारणीनं तिच्या हनुवटीकडं जरा निरखून पाहिलं, एवढंच.

स्टुडिओत मालक म्हणाले, "काका, एका बटणात निघतील सगळे."

"एका बटणातच लागले होते," काका म्हणाले, आणि दोन दिवस बसून एकेक तीळ हातानं काढला. ज्यांचे खरे होते ते तेरा जपले.

मग त्यांनी सूनबाईला बसवून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पत्र लिहायला सांगितलं. उत्तर आलं, की आपला अभिप्राय मोलाचा आहे. काकांनी दुसरं लिहायला लावलं. "बाबा, फार कडक नको ना?" सूनबाई म्हणाली. "कडक कुठं आहे? त्यांना चुकीचा फोटो जोड, तो नाकाच्या शेंड्याचा. नाव मात्र झाक."

त्या फोटोनं काम केलं. तीन आठवड्यांनी त्या कंपनीतली एक तिशीची बाई स्टुडिओत आली. म्हणाली, "तो कोपरा मी बनवते. तुम्ही काम करा, मी नुसती मागं बसून बघते." अर्धा दिवस ती स्टुलावर बसून होती. शेवटी तिनं बोट दाखवलं. "काका, खूण इथं आहे की."

काकांनी चष्मा काढला, नाक स्क्रीनला लावलं. "आहे की. मी कुठं नाही म्हटलं? पण मी इथं कशाला बघू? चेहरा तर वर आहे."

तिनं बोट मागं घेतलं. मग म्हणाली, "खरं सांगू? पूर्वी ती मोठी होती. लोक म्हणाले, फोटोच्या आड येते. मीच लहान केली."

"तू लहान केलीस, मी बघितलं नाही. मिटलं," काका म्हणाले, आणि चहा मागवला.

"कुठं असती तर तुम्ही थांबला असता?"

काकांनी चहा संपेपर्यंत विचार केला. ब्रश हनुवटीवर नेला, बाजूला घेतला, पुन्हा नेला. "इथं. ब्रशच्या टोकापाशी. माझी नजर दिवसभर तिथंच असते. आणि ऑटोबिटो काही लिहू नकोस. आकडा लिही. तीनशे शहाऐंशी. एवढा आकडा हातापाशी दिसला की माणूस आपोआप हात आखडतो."

तिनं वहीत काहीतरी काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. जाताना वाकून नमस्कार केला, तेव्हा काकांना उगीचच अवघडल्यासारखं झालं.

पाच महिन्यांनी नवीन आवृत्ती आली. स्क्रीनच्या तळाशी सगळे निवडलेले फोटो छोट्या केशरी चौकटींत उजळले होते, आणि ब्रश फिरेल तिथं एक छोटा केशरी आकडा मागोमाग फिरत होता. काकांनी तासभर तो नुसता फिरवून पाहिला. मग फोन लावला.

"आलाय. चांगला आहे. पण पापणीचं काम करताना मध्ये येतो."

"हात थांबला की फिकट करू?"

"कर. पण अगदी घालवू नकोस."

तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटी तिचा फोन येतो. आकड्यानं किती वेळा थांबवलं, ते तिला हवं असतं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक रेघा मारतात, पेन्सिलीनं, आणि मोजून सांगतात. मागच्या महिन्यात चार होत्या. तिला वाटलं होतं एखादीच असेल.

"चार?" ती म्हणाली.

"माणूस आहे बाई," काका म्हणाले, "जेवून आलं की विसरतो."