न मोजलेला फराळ

ज्याचं गोड बंद केलं आहे, त्या माणसाला भाकरी किती चालते, हे तुम्हाला कधी कोणी सांगितलं आहे का?

धरणगावात आम्हाला सांगितलं होतं ते एवढंच: साखर नको, गूळ नको. त्यापुढे कोणी जात नसे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, जिनिंगमध्ये कापूस तोलून घ्यायचे. तिथं पायात खिळा घुसला, अंगठ्याला जखम झाली आणि ती काही भरेना. जळगावच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. मधुमेह. साखर खाली आली तर अंगठा वाचेल, नाहीतर कापावा लागेल, असं म्हणून त्यांनी एक छापील तक्ता हातात ठेवला. इंग्रजी. पाव इतके औंस, बटाटा इतके औंस, दूध इतकं. भाकरीचं नाव नाही. ज्वारीच्या मुलखात बसून हा गृहस्थ रोज पावाचा हिशेब वाटत होता. मला शिसारी आली.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, सुधारकांच्या सभांमध्ये वाटलेली पत्रकं वाचत वाढलेला. टेबलाशी उभा राहून विचारलं, "भाकरीचं काय?"

"भाकरी म्हणजे पिष्ट. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. एका भाकरीला पीठ किती घेता?"

"ठाऊक नाही."

"मग घरी जाऊन तोला."

शेजारच्या दुकानातून लहान तराजू मागून आणला. औंसाचे तोळे केले. आईनं पिठाचा गोळा पारड्यात टाकायला साफ नकार दिला. "मना हातले माप शे. मी काय सोनं थापस का?" माझ्या हातालाच माप आहे, असं तिचं अहिराणीत म्हणणं. शेवटी टाकला. त्या हातच्या तीन भाकऱ्या तीन वजनांच्या निघाल्या. ती तराजूवरच रागावली. अखेर ठरलं: सकाळी दीड भाकरी, संध्याकाळी एक. मेथी, वांगी, ताक हवं तेवढं. केळं, बटाटा बंद.

रोज सकाळी ओट्यावर परीक्षा असे. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. साखर नसेल तर निळं राहतं. असेल तर हिरवं, मग पिवळं, फार असेल तर विटेसारखं लाल. वास असा की शेजारीण खिडकी लावून घेई. पंधरवड्यात रंग बहुतेक दिवस हिरव्यावर आला, मधेच एखाद्या सकाळी पिवळा. जखमेची कडही गुलाबी झाली.

पुन्हा जळगावला गेलो. डॉक्टर खुशीत होते. "उपास करता का?"

"करतो ना," आबा शहरी बोलीत म्हणाले. "एकादशी, सोमवार, शनिवार."

"त्या दिवशी काय जेवता?"

"काहीच नाही."

"उत्तम. पोटाला तेवढाच आराम. आणखी एखादा वाढवा."

परतीच्या एस.टी.त आबा सारखे माझ्याकडे बघत होते. मी उपासांविरुद्ध पत्रक लिहून गावभर वाटलं होतं, आणि उपासाच्या दिवशी मुद्दाम घरी न जेवता मित्राकडे भाकरी खायला जात असे. "वाच आते तुनं पत्रक," ते म्हणाले. "तुना डॉक्टरनी मनी बाजू घेतली." त्यांनी गुरुवार वाढवला.

आणि नळी लाल होऊ लागली. एक दिवस हिरवी, दुसऱ्या दिवशी वीट. जखमेतून पुन्हा पाणी यायला लागलं. भाकऱ्या तर मी स्वतः तोलत होतो. मग उरलं काय? चोरी.

"आबा, गूळ कुठं दडवलाय?"

"मी गूळले हात लावा नही."

"नळी खोटं बोलत नाही."

"मंग नळीलेच इचार."

मी शेजाऱ्यांदेखत त्यांच्या कोटाचे खिसे उलटे केले. सुपारीचं खांड निघालं. आबांनी कोट झटकून खुंटीला लावला आणि लंगडत आत गेले. ते आठवलं की मला आजही माझ्या हातांची घाण वाटते.

पुढच्या गुरुवारी तापामुळे मी घरीच पडून होतो. दुपारी आईनं आबांपुढे ताट ठेवलं. भगरीचा ढीग, त्यावर दाण्याची आमटी, चार उकडलेली रताळी, दोन केळी, वाटीत खजूर. आबा चवीनं खात होते. कोणाची चोरी नाही, कोणाचा संकोच नाही.

"आबा, हे काय?"

"फराळ."

"हा तोलला कोणी?"

"फराळ कोणी तोलस का? हाई काय जेवण शे?"

मी तापातच उठलो. रताळी पारड्यात घातली, भगर घातली. तोळ्यांची वजनं संपली, पारडं उचलेना. हे आठवड्यातून तीनदा तर ठरलेलंच, एकादशी आली की चारदा. आबांनी डॉक्टरांना खोटं सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे धान्य पोटात गेलं तर माणूस जेवला, रताळं गेलं तर तो उपाशी. डॉक्टरांच्या घरीही एकादशीला हेच शिजत असणार, आणि तरी त्यांनी "उत्तम" म्हटलं. आणि मी? ज्या गोष्टीविरुद्ध पत्रक काढलं, तिच्या ताटात काय असतं ते कधी वाकून पाहिलं नाही. तत्त्व म्हणून तोंड फिरवून गेलो. डॉक्टरांच्या पावाच्या तक्त्यापेक्षा माझं पत्रक जास्त ओंगळ होतं. तक्त्यानं निदान कोणाला चोर तरी ठरवलं नव्हतं.

उशीर झाला होता. अंगठा काळा पडला आणि जळगावला कापला. पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवून आबांनी विचारलं, "आते एकादशीले काय खाऊ?" चेष्टा नव्हती. उपास ते सोडणार नव्हते आणि दुसरा अंगठाही त्यांना घालवायचा नव्हता. मी वाद घातला नाही. दीड भाकरीच्या पिठाएवढी कोरडी भगर, किंवा तेवढ्याच वजनाचं रताळं. दोन्ही एकदम नाही, खजूर नाही. त्यांनी नाक मुरडलं, पण मान हलवली. हे कोणत्याही तक्त्यात छापलेलं नाही. आम्हीच दोघांनी खाटेवर बसून ठरवलं.

तुमच्या घरी असा आजारी असेल तर येत्या एकादशीला त्याच्याशी उपासावरून भांडू नका. चुलीजवळ बसा, त्याच्या ताटात पडेल तो प्रत्येक जिन्नस वजनासह कागदावर लिहा, आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.