मोटारीच्या कपाळावरचा शेंदूर

आमच्या घरात मोटारीतलं सगळं मला कळत असे, कारण बाकी कुणाला काहीच कळत नसे.

या ज्ञानाचा उगमही सांगून टाकतो. मॅट्रिकची परीक्षा दिल्यावर उन्हाळाभर मी अमरावतीला एका मोटार दुरुस्तीच्या दुकानासमोर बसत असे. (समोर म्हणजे समोरच्या चहाच्या दुकानात.) त्या बळावर मी बाबांना एक जुनी मोटार घ्यायला लावली. मध्यप्रांतातून बदली होऊन चाललेल्या कुण्या साहेबाची ती होती. पुढे तिघांपुरती बैठक, मागे माल ठेवायला फळ्यांची उघडी पेटी आणि पुढच्या काचेच्या खाली, अगदी नाकासमोर, पेट्रोलची टाकी.

आमचा मळा तिवशाजवळ, फुलांचा. दसऱ्याच्या दिवशी झेंडूला जो मान, तो दुसऱ्या दिवशी गुरंही देत नाहीत! म्हणून सकाळी टोपल्या चढवता चढवता बाबांनी मला बजावलं,

"दुपारच्या आत फुलं अमरावतीले पोचली तं मोटार ठेवू. नाई पोचली तं मोटार भंगारात अन् तू बैलामागं. समजलं?"

"बाबा, तुमी फक्त पाहत राहा!" मी म्हणालो. (त्यांनी शब्दशः तेवढंच केलं.)

आमचे शेजारी महादूकाका आपला झेंडू बैलबंडीत भरून पहाटेच्या आधीच निघाले होते. मला त्यांची आणि त्यांच्या बैलांची मनापासून कीव आली.

पण पूजेशिवाय निघणार कसं? दसऱ्याला नांगराची, विळ्याची, मोटेची पूजा होते, तिथे मोटारीनं काय घोडं मारलं होतं? माहेरी आलेल्या आमच्या आत्याबाई तेलात कालवलेल्या शेंदराची डबी घेऊन पुढे झाल्या. चाकांना बोट लावलं, दिव्यांना लावलं, आणि मग त्या मोटारीचं कपाळ शोधू लागल्या. काचेखाली बरोब्बर मधोमध टाकीचं गोल झाकण होतं.

"हेच तिचं कपाय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकणावर शेंदराचा चांगला जाड गोळा थापला. मग अमरावतीच्या अंबादेवीची ओटी भरायची म्हणून डबीसकट आमच्याबरोबर बसल्या.

मोझरीपर्यंत मोटार झकास चालली. मोझरी दिसली आणि ती खोकली, दोन हिसके दिले आणि रस्त्याच्या मधोमध गप्प उभी राहिली.

"कावून थांबली?" बाबा.

"पेट्रोल पाहतो." मी झाकण फिरवलं. 'फुस्स' असा आवाज झाला.

"श्वास टाकला बिचारीनं," आत्याबाई हळहळल्या.

मी काडी बुडवून पाहिली. पेट्रोल भरपूर! झाकण लावलं, हँडल मारलं, आणि मोटार सुरू. माझी कॉलर ताठ झाली. माझ्या बोटांनी कपाळावरचा शेंदूर फिसकटला होता, तो आत्याबाईंनी ताबडतोब नव्यानं लावला. पुढे महादूकाकांची बंडी दिसली, तेव्हा मी तिला हॉर्न देत मागे टाकलं. महादूकाका शांतपणे म्हणाले, "रामराम."

दोन मैलांवर मोटार पुन्हा थांबली.

"नळीत कचरा आहे," मी जाहीर केलं. टाकीपासून खाली येणारी पितळी नळी सोडवली आणि फुंकायच्या ऐवजी ओढली! घोटभर पेट्रोल थेट पोटात.

"थुक! थुक लवकर!" आत्याबाई ओरडल्या. तेवढ्यात महादूकाका चिलीम ओढत मागून आले. "ओ महादूभौ, तिकून जा! पोट्टं पेटन ना!"

महादूकाका बंडी पार बांधावर घेऊन गेले आणि तिथून म्हणाले, "रामराम."

मी झाकण उघडून (फुस्स!) पुन्हा पेट्रोल पाहिलं, नळी लावली आणि मोटार सुरू झाली. आत्याबाईंच्या मते मोटारीला नजर लागली होती, म्हणून त्यांनी यावेळी दुप्पट शेंदूर लावला.

तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मी कार्बुरेटर खोलला. शास्त्राप्रमाणे एकेक भाग मागच्या पेटीच्या कडेला बाबांच्या उपरण्यावर मांडला. त्यातली एक बारीक सुई मी उन्हात धरून तिच्यावर व्याख्यान देत होतो, तेव्हाच ती हातातून निसटली आणि मागे झेंडूत पडली.

"कोन्त्या टोपलीत?" बाबांनी अतिशय हळू विचारलं. ते हळू बोलले की आम्ही सगळे घाबरत असू.

तीन टोपल्या रस्त्यावर पालथ्या केल्या. कुठून तरी दोन बकऱ्या उगवल्या. आत्याबाई बकऱ्या हाकत होत्या, बाबा सूर्याकडे पाहत होते, मी गुडघ्यांवर बसून एकेक फूल झटकत होतो. महादूकाका शेजारून गेले. रामरामही नाही! ते मला फार लागलं. आता बैलामागं चालायची सवय कशी करावी, याचा मी खरोखरच विचार करू लागलो.

सुई अखेर सापडली. सगळं जोडून पेट्रोल पाहायला गेलो, तर शेंदराच्या तेलानं झाकण हातात फिरेना. मी कार्बुरेटरमधून सांडलेल्या पेट्रोलमध्ये फडकं भिजवून झाकण लख्ख पुसलं. आत्याबाईंनी डबी उघडली. ती रिकामी होती.

"आता देवाच्या भरोशावर," त्या म्हणाल्या.

आणि मोटार जी सुटली, ती महादूकाकांना मागे टाकून अमरावतीच्या बाजारात जाऊनच थांबली! सूर्य माथ्यावर यायचा होता. बकऱ्यांचा वाटा सोडला तर सगळा झेंडू हातोहात खपला. मी माझ्या कार्बुरेटरला श्रेय दिलं, आत्याबाईंनी अंबादेवीला. बाबा एवढंच म्हणाले, "ठेवू मोटार." मला तर रडूच यायचं बाकी होतं.

ओटी भरून आत्याबाईंनी देवळापाशीच शेंदराची नवी डबी घेतली. परतताना कृतज्ञतेनं झाकणावर सकाळपेक्षाही मोठा गोळा थापला. दोन मैलांवर मोटार खोकली आणि थांबली.

मी झाकण उघडलं. फुस्स! यावेळी मात्र ते उलटंपालटं करून पाहिलं. मधोमध सुईच्या अग्राएवढं एक भोक होतं, शेंदरानं गच्च बुजलेलं. टाकीत हवाच जात नव्हती, मग पेट्रोल खाली उतरणार कसं? दर वेळी मी झाकण उघडत होतो तेव्हा बिचारी खरोखरच श्वास घेत होती. आणि मी इकडे नळ्या पीत होतो!

मी सगळं समजावून सांगितलं. मागून बंडीची घुंगरं वाजली आणि विकून-सवरून रिकामे परतणारे महादूकाका म्हणाले, "रामराम."

"म्हंजे सकायपासून तुले तिचं नाकच माईत नव्हतं?" बाबांनी विचारलं.

आत्याबाईंनी माझ्या हातातून झाकण घेतलं, त्यावरचा सगळा शेंदूर बोटानं निपटून काढला आणि तो थेट माझ्या कपाळावर थापला.

"आता कुठंबी थांबनार नाई," त्या म्हणाल्या. "अन् याले लावलं तं काई बिघडत नाई. इथून तसंबी आत काई जात नाई."