सायकल-मार्ग समितीचा अध्यक्ष

मला सायकल येत नाही. आता हे सगळ्या अमरावतीला ठाऊक आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. दोन वर्षं मात्र ते फक्त माझ्या बायकोला माहीत होतं, आणि तीच दोन वर्षं मी आमच्या सायकल-मार्ग समितीचा अध्यक्ष होतो.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. नकाशा दिसला की मला राहवत नाही. शहरातल्या वस्त्या जोडत बडनेऱ्यापर्यंत, तिथून मूर्तिजापूरवरून थेट अकोल्यापर्यंत मी तांबडी रेघ ओढली, सभेत टाळ्या पडल्या आणि मी अध्यक्ष झालो. सायकल येते का, असं कोणी विचारलंच नाही. लहानपणी ट्रकांच्या धाकानं वडिलांनी सायकलला हात लावू दिला नव्हता. पुढे शिकायची लाज वाटली. बिनट्रकची एखादी वाट असती तर मीही शिकलो असतो, ही खंत होती. सगळी धडपड त्या खंतीपोटीच.

पहिला टप्पा झाला, दोन किलोमीटरचा. मोठे साहेब येणार आणि पहिली फेरी अध्यक्ष मारणार, असं पत्रिकेत छापूनच आलं. मी बायकोला विचारलं, "आता?"

"आता आजारी पडा."

"अगं, सत्कार आहे माझा."

"मंग सत्कार झाल्यावर पडा."

त्या सकाळी जाऊन पाहतो तर नव्याकोऱ्या सिमेंटवर साड्या अंथरलेल्या आणि साड्यांवर कुरडया. उन्हाळ्यात एवढी सपाट, स्वच्छ जागा मोकळी पाहून वऱ्हाडातल्या बाया गप्प बसतील थोड्याच! समितीचे चेहरे उतरले. माझा जीव मात्र भांड्यात पडला. मी घाईनं साहेबांना म्हणालो, "अन्न ओलांडून जाणं बरं नाही. फेरी पुढच्या महिन्यात ठेवू."

साहेब मान डोलावणार, एवढ्यात समोरच्या घरातल्या काकू पदर खोचून आल्या.

"काहून बावा? सर दोन वर्षं या रस्त्यासाठी फिरून राहिले, आन् आमच्या कुरडयांसाठी थांबतीन? कालच्याच हायत, वाळल्या. उचला वं बायांनो!"

चौघी-चौघींनी साड्यांची टोकं धरली आणि पाच मिनिटांत वाट मोकळी. कंत्राटदारानं एवढी चपळाई दाखवली असती तर एव्हाना अकोला आलं असतं.

मी फीत कापली, तशी हार घातलेली सायकल पुढे आणली. मी मुद्दाम बुटकी, लेडीज मागवली होती, पडलो तर कमी उंचीवरून पडावं म्हणून. एका हातानं हँडल धरून, कात्रीचा हात हलवत मी दहा पावलं चाललो. पंधरा चाललो.

"बसा ना," काकू म्हणाल्या.

"आधी वाट नीट बघून घेतो."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "सर, सायकल येते ना तुमाले?"

थाप मारता आली असती. पण तोंडातून निघून गेलं, "नाही."

असा हशा पिकला म्हणून सांगू! आमचे सेक्रेटरी, वकीलसाहेब, तर पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू हसल्या नाहीत. "शिकाचं राहून गेलं असंन. त्यात का हाय?" त्यांनी सायकल घेतली. पोरवयात त्या गावाहून अंजनगावच्या शाळेत सायकलनं जायच्या. "बसा मांगं. आन् हालू नका."

अशी आमची पहिली फेरी झाली: काकू पुढे, अध्यक्ष कॅरिअरवर, फीत कापायची कात्री हातात तशीच. आधी मी डोळे मिटले होते. उघडले तर एकही ट्रक नव्हता, आणि मला इतका आनंद झाला की भाषण विसरलो.

उतरताना काकू म्हणाल्या, "उद्या सहाले या. मी मांगून धरतो."

गेलो. पाच वेळा पडलो. पाचव्यांदा धूळ झटकत उठलो, तर समोर लेकीची सायकल घेऊन वकीलसाहेब उभे. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले,

"काकू, सरांचं झालं की मले बी जरा मांगून धरता का?"