फिनाईल मावशी

आमच्या बालविभागाची फरशी इतकी लख्ख असते की तिच्यात बघून भांग पाडावा. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. इथली मुख्य सिस्टर मी असले, तरी फरशीमागचे हात फिनाईल मावशीचे. बुटकी, गुडघ्यांनी कुरकुरणारी, सव्वीस वर्षं बादलीशी संसार केलेली बाई. एक झाकण फिनाईल टाका म्हटलं की ती तीन ओतणार, वर म्हणणार, जंतूंना काय मोजून मारायचं असतं? मी तिला कधी अडवलं नाही. उलट कोणी तपासायला येणार असलं की चौथं झाकण मीच ओतायला लावायचे.

पोरांचा तिच्यावर भारी जीव. सुई टोचून घेऊन भोकाड पसरलेलं पोर आईला सोडून तिच्याकडे झेपावायचं, आणि मावशी फुशारून दिवसभर तेच सांगत फिरायची. एकच मुलगी तिच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती.

ती आठ वर्षांची, स्वमग्न. बोलत नाही. आवडलं की हातातला लाकडी चमचा गालाला लावते, नाही आवडलं की डोकं भिंतीवर आपटते. तिच्या तीन दाढा किडून सुजल्या होत्या, आठवडाभर पोर दुधात भिजवलेल्या बिस्किटांवर होती. भूल देऊन दाढा काढायच्या, त्याआधी रक्त तपासायचं. दोनदा आणली, दोनदा रक्ताच्या खोलीच्या दारातच तिने आकांत मांडला. सुईला भिते, असं आम्ही ठरवून टाकलं. दुसऱ्या खेपेला चौघांनी धरली. पाय मी धरले होते. शीर सापडली नाहीच, हातावर काळानिळा डाग तेवढा राहिला. तिची आई मुलीच्या बाहीचं बटण लावत राहिली. आता जमलं नाही तर दाढा काढायची शुक्रवारची तारीख जाणार आणि पुढची दोन महिन्यांनी मिळणार, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तिसऱ्या खेपेला काही उणं राहू नये म्हणून मी मावशीला म्हटलं, ती यायच्या आधी खोली चांगली पुसून घ्या. मागच्या दोन्ही वेळांनाही मी हेच केलं होतं.

मावशी बादली घेऊन दारात उभीच राहिली. मग सांगायला लागली. ही पोर मला बघून तोंड फिरवते, हे तिच्या मनाला फार लागलं होतं. पण परवा सुट्टीच्या दिवशी, न्हाऊन धुऊन ती भाजी आणायला गेली, तिथे मायलेकी भेटल्या. पोर आपणहून येऊन तिच्या दंडाला टेकली आणि चमचा गालाला लावला.

"सुईला नाही भीत ती, सिस्टर. सुई दिसायच्या आधीच दारात रडते. तिला हा वास सोसत नाही. माझाच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नियम आहेत, म्हटलं. जंतू कोण बघणार, म्हटलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "तुमची अर्धशिशी उठते म्हणून तुमची खोली मी साबणाच्या पाण्याने पुसते ना, बिनवासाच्या? तिथे घेऊ या तिचं रक्त."

वर्षानुवर्षं मी स्वतःच्या कपाळाला जपत आले होते, आणि त्या पोरीचे पाय आवळून धरले होते.

लॅबवाल्याला सामान घेऊन माझ्या खोलीत बोलावलं. खिडकी उघडली. पोर दारात थांबली, हुंगलं, आत आली आणि माझ्याच खुर्चीत बसली. हाताला स्पिरिट लावलं तेव्हा नाक मुरडलं. सुई गेली तेव्हा एकदा कण्हली, आईचा हात घट्ट धरला. मग ती नळी लाल होताना बघत राहिली, चमचा गालाला लावून.

मावशी मात्र आत आली नव्हती. कॉरिडॉरच्या पार टोकाला, दोन्ही हात पाठीमागे लपवून उभी होती. मी बाहेर आल्यावर तिने तिथूनच विचारलं, "रडली का?"

"ती नाही," मी म्हटलं, आणि पदराने डोळे पुसत तिच्याकडे गेले.