कोटाच्या बाह्या

माझ्या मावशीला चर्चमध्ये सगळे टाचणीमावशी म्हणतात. तिच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे भांडायचं झालं तरी ती ओठ मिटून भांडते. धंदा कपडे दुरुस्तीचा. बाह्या कमी करायच्या, चेन बदलायच्या, सुटलेल्या पोटांना कंबरेत जागा करून द्यायची. गल्लीत कोण जाड झालं हे आधी तिलाच कळतं, पण ती कधी चकार शब्द काढत नाही.

रोज सकाळी शिवणयंत्रावर हात ठेवून ती प्रार्थना करते. "प्रभू, मालक तू, मी नुसती कारभारीण. मशीन तुझं, हात तुझे, आजचा दिवस तुझा. कुणाला काय द्यायचं ते सांग." मग डोळे उघडते ते थेट समोरच्या खुंटीवर. तिथे एक गडद निळा लोकरी कोट टांगलेला असायचा. त्याचं नाव मात्र प्रार्थनेत कधी आलं नाही.

कोट तिच्या मुलाचा. माझा हा मावसभाऊ जहाजावर कामाला गेला, तेव्हा तो परत आला की घालेल म्हणून शिवलेला. आधी त्याचा दर रविवारी फोन यायचा, मग कधीमधी, मग नंबरच बंद झाला. मावशी तरी दर हिवाळ्यात कोट उसवायची आणि खांद्यात जरा सैल करायची. त्याच्या वयाचे पुरुष चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसतात, त्यांच्या पाठी बघून अंदाज बांधायची. फादरना वाटायचं, ही बाई प्रवचन किती मन लावून ऐकते!

गेल्या हिवाळ्यात घंटा वाजवणारे काका खोकल्याने बेजार झाले. घंटेची जागा उंचावर, चारी बाजूंनी उघडी, आणि त्यांच्या अंगात विरलेला स्वेटर. मावशी एका सकाळी प्रार्थना करता करता थांबली, ताडकन उठली आणि कोट नेऊन त्यांना देऊन आली.

"दिला बाई एकदाचा," मला म्हणाली. चेहरा दात उपटून आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा काकांच्या दारात. "बटण ढिलं राहिलंय वाटतं, आणा इकडे." बटण चांगलं घट्ट होतं. कोट दिवसभर खुंटीवर राहिला, संध्याकाळी परत गेला. मग अस्तराचं निमित्त झालं, मग खिशाचं, मग कॉलरचं.

"मावशी, हे दान आहे की कोटाला रोज फिरवून आणतेस?"

"गप गं! सकाळी मनापासून देते. दुपारी पुन्हा हवासा वाटतो. काय करू मी?"

तिचे डोळे भरून आले आणि माझं हसू जागीच विरलं. आईने वाट तरी किती बघायची? मला त्या मावसभावाचा मनस्वी राग आला.

खरा घोळ बाह्यांचा होता. मुलगा उंच, काका बुटके. बाह्या त्यांच्या बोटांवर यायच्या. जगाच्या बाह्या कमी करणाऱ्या बाईला हे दिसत नव्हतं थोडंच! पण ती लोकर जाड, दुमडून शिवली तर फुगते. बाही कापावीच लागली असती, आणि मग तो कोट मुलाला कधीच झाला नसता.

एका रविवारी घंटा दोन ठोके देऊन थांबली. बाही दोरात अडकून काकांचं मनगट मुरगळलं होतं. दुपारी ते कोट हातावर टाकून आले.

"ताई, हा तुमच्याकडेच ठेवा. तुमचा जीव अडकलाय यात. माझं स्वेटरवर भागेल."

मावशीने कोट घेतला आणि खुंटीकडे बघत राहिली. आता टांगणार, असं मला वाटलं. तिने तो काकांच्याच अंगावर चढवला, तोंडातल्या टाचण्या एकेक काढून बाह्यांना टोचल्या, कोट पुन्हा उतरवून घेतला आणि कात्री उचलली.

"आणि ताई, तो आला म्हणजे?"

कात्री थांबली.

"आला की समोर उभा करीन आणि माप घेईन. इतकी वर्षं परक्या पाठींवरून नुसता अंदाजच बांधतेय."

मग तिने दोन्ही बाह्या कापल्या.

दुसऱ्या दिवशी ती प्रार्थनेला बसली. "मशीन तुझं, हात तुझे..." मग तिने रिकाम्या खुंटीकडे बघितलं. म्हणाली, "पोरगाही तुझाच. दुपारी मी त्याला परत मागेन, ते तुला माहीतच आहे. उद्या सकाळी पुन्हा देईन."