पुष्पांजलीचा करकरणारा पलंग

देवचंद, तोंडावर कौतुक केलं असतं तर तुम्ही पटाशी पिशवीत टाकून चालू लागला असता. आता कुठे जाणार? ऐका.

सौंदडच्या देवचंद सुताराला खिळ्याचा राग होता. एका लाकडाचं कोरलेलं टोक, म्हणजे कूस, दुसऱ्याच्या खाचेत अशी बसवायची की सांध्यात नखसुद्धा शिरू नये, हा त्याचा हट्ट. बिज्याच्या झाडाचं लाकूड आधी तो शेतातल्या बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवी, मग सावलीत वाळवी. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी ऐकत नसे. "घाई हाये त लोखंडाचा आना नं बाजारातून!"

ही शिस्त त्याने मोडली ती पोटच्या पोरीसाठी. २००३ साली सोयऱ्यांनी पुष्पांजलीचं लग्न अचानक अलीकडे ओढलं. पलंग तर द्यायचाच होता. देवचंदने लाकूड लवकर काढलं. वरून सुकं, आतून ओलं. त्याला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण पोरीच्या लग्नात बापाची अक्कल कुठे चालते?

उन्हाळ्यात लाकूड आटलं, सांधे सैल झाले. अर्जुनी मोरगावला सासरी पोरगी नुसती उठून बसली तरी पलंग करकरे. सासू नंदाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "आमच्या इवायानं पलंग देला का बैलबंडी?" पुष्पांजली खाली चटईवर झोपू लागली. हे कानावर आलं तसा देवचंद पिशवी घेऊन गाडीत बसला.

व्याह्यांच्या अंगणात त्याने पलंग सोडवला. जावई वीरेंद्र म्हणाला, "मामाजी, चार खिळे ठोका, झालं."

"खिळे ठोकाले तिकीट नाई काढलं, जवाईबापू."

खाचा त्याने आतून थोड्या रुंद केल्या. कुसेला चीर दिली, चिरेत बारीक पाचर अडकवली. कूस आत ठोकली की पाचर तळाला टेकते आणि कुसेला आतल्या आत फाकवते. मग सांधा जन्मात निघत नाही. पाचर पातळ पडली तर करकर तशीच, जाड झाली तर पलंगाचा पाय उभा फुटणार. आणि दुरुस्ती नाही. फुटला असता तर पोरीला तिथे आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

शेवटच्या सांध्याशी ठोक्याचा आवाज बदलला. पोकळ वाजणारं लाकूड भरीव वाजलं. पाचर तळाला टेकली होती, पण फट अजून दिसत होती. देवचंदचा हात थांबला.

"थांबले काऊन? भेले का काय?" नंदाबाई म्हणाली.

"भेलोच, इहीनबाई. पोरगी तुमच्या घरी हाये."

आणि त्याने ठोका घातला. फट मिटली. पायाला तडा नाही.

नंदाबाई धप्पकन पलंगावर बसली, मुद्दाम हलली. पुन्हा हलली. मग म्हणाली, "पुष्पा, चहा मांड वं. साखर जास्त टाक तुह्या बापाले."

आणि देवचंद, माझ्या खुर्चीचं काय? २०११च्या होळीला तिचा डगमगता हात पाहून म्हणालात, "उन्हाळा निघू द्या बाई, लाकूड काय म्हन्ते पाहू." उन्हाळा निघाला. तुम्हीच राहिला नाहीत. शेजारचा छोटेलाल खिळे घेऊन आला होता, त्याला मी हाकललं. हात अजून डगमगतोच आहे.